लिम्फोसाइटची मोजणी : आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्या शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीस आम्ही काही माजी विद्यार्थी दरवर्षी येतो. आमच्यापैकी कोणी डॉक्टर आहे, कोणी परिचारिका, कोणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. सभागृहात टेबले मांडली की पालक पिशवीतून घडी घातलेले जुने रिपोर्ट काढतात आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, “हा आकडा ठळक का छापलाय?” ते बोट पुष्कळदा ज्या ओळीवर असते, तिचे नाव लिम्फोसाइट. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे आरोग्यविषयक लेख मागितला, तेव्हा याच ओळीविषयी लिहावे असे आम्ही ठरवले.

त्यामागे दोन प्रसंग आहेत. एका पालकांच्या चार वर्षांच्या धाकट्या मुलाला ताप आला होता. रक्त तपासले, लिम्फोसाइट ५८ टक्के निघाल्या आणि त्यापुढे ‘हाय’ असे छापून आले. गावातील कोणा जाणत्या म्हणवणाऱ्याने ‘रक्ताचा कर्करोग’ हे शब्द उच्चारले. त्या बापाने दोन शेळ्या विकल्या, उसने पैसे घेतले आणि शहर गाठले. मूल पूर्णपणे निरोगी होते. दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. आमच्यासोबत याच वसतिगृहात वाढलेला एक मित्र रिपोर्टातील चांगला आकडा पाहून निर्धास्त झाला आणि त्यातच गेला. त्याची हकीकत पुढे येईल. पहिल्या घरात आकड्याची भीती अनाठायी होती, दुसऱ्या घरात आकड्यावरचा विश्वास. दोन्हींचे मूळ एकच : आकडा हाती होता, त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता.

या पेशी कोणत्या?

रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात आणि रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट असतात. प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढ्या थेंबात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत. त्यातील न्यूट्रोफिल या सर्वाधिक असतात. जिवाणूंचा हल्ला झाला की त्या प्रथम धावून जातात. त्यांच्या खालोखाल लिम्फोसाइट येतात. मराठीत त्यांना लसिकापेशी म्हणतात. प्रौढांमध्ये पांढऱ्या पेशींपैकी साधारण २० ते ४० टक्के लिम्फोसाइट असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी लहान, गोल आणि सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे नेमके काम काय, हे वैद्यकशास्त्राला उमगले नव्हते. १९५६ साली ब्रूस ग्लिक यांनी कोंबडीच्या शरीरातील ‘बर्सा’ नावाचा अवयव काढून टाकल्यास तिच्यात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, हे दाखवले. १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांच्या छातीतील थायमस ग्रंथी काढली, तेव्हा ते उंदीर संसर्गापुढे हतबल झाले. दिसायला सारख्या असलेल्या या पेशींची घराणी वेगवेगळी आहेत, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट होत गेले. बर्सावरून ‘बी’ आणि थायमसवरून ‘टी’ ही नावे रूढ झाली. माणसाच्या शरीरात बर्सा नसतो; आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. नाव मात्र कोंबडीच्या अवयवाचेच राहिले.

बी पेशी प्रतिपिंडे बनवतात. टी पेशींमध्ये दोन मोठे गट आहेत. एक गट इतर पेशींना सूचना देतो, त्यांना मदतनीस टी पेशी म्हणतात. दुसरा गट विषाणूने बाधित झालेल्या पेशींना प्रत्यक्ष मारतो. याशिवाय ‘नैसर्गिक मारक’ पेशींचा एक छोटा गट आहे. या सर्वांची एकत्र मोजणी म्हणजे रिपोर्टातील लिम्फोसाइटची ओळ.

टक्के आणि प्रत्यक्ष संख्या

पहिली चूक येथेच होते. रिपोर्टात लिम्फोसाइट बहुधा टक्केवारीत छापलेल्या असतात, आणि टक्केवारी म्हणजे संख्या नव्हे. एका वर्गात चाळीस मुले आहेत आणि त्यात वीस मुली आहेत, म्हणजे मुली निम्म्या. दुसऱ्या दिवशी वीस मुलांपैकी दहा मुलगे क्रिकेटच्या सामन्याला गेले. वर्गात तीस जण उरले आणि मुलींचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. मुलगी मात्र एकही वाढली नाही.

रक्तातही हेच घडते. एखाद्याच्या पांढऱ्या पेशी ३,००० आहेत आणि त्यात लिम्फोसाइट ४० टक्के आहेत. टक्केवारी उत्तम दिसते. प्रत्यक्ष संख्या मात्र १,२०० भरते. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी १२,००० आहेत आणि लिम्फोसाइट १५ टक्के. टक्केवारीपुढे ‘लो’ छापले जाते. प्रत्यक्ष संख्या १,८०० असते, म्हणजे पहिल्याहून जास्त. प्रौढांमध्ये ही प्रत्यक्ष संख्या साधारण १,००० ते ४,००० च्या दरम्यान असते. एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणून शंभराने भागावे, की ती मिळते. पाचवीतील विद्यार्थ्यालाही हे गणित येते. रिपोर्ट हातात आला की आधी ते करावे, मग काळजी करावी की नाही ते ठरवावे.

दुसरी गोष्ट वयाची. अर्भकात आणि लहान मुलांत लिम्फोसाइट प्रौढांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. वयाच्या साधारण चार-पाच वर्षांपर्यंत न्यूट्रोफिलपेक्षा त्यांचेच बहुमत असते, आणि ६० टक्क्यांच्या आसपासचा आकडा या वयात नेहमीचा आहे. काही प्रयोगशाळांच्या छापील कागदावर ‘सामान्य’ म्हणून प्रौढांचीच मर्यादा दिलेली असते आणि संगणक तिच्याशीच तुलना करून ‘हाय’ छापतो. शेळ्या विकणाऱ्या त्या बापाच्या मुलाचे ५८ टक्के त्याच्या वयाला साजेसे होते. तापही तीन दिवसांत उतरला. त्या घराला शेळ्यांइतकी किंमत मोजावी लागली, ती एका छापील शब्दापायी.

उलट, नवजात बाळाची लिम्फोसाइट संख्या प्रौढांच्या मापाने ‘ठीक’ दिसली, तरी ती बाळासाठी धोक्याची असू शकते. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या अत्यंत दुर्मीळ विकारात पहिला इशारा पुष्कळदा याच संख्येतून मिळतो. म्हणून वय न पाहता हा आकडा वाचू नये.

वाढते केव्हा, घटते केव्हा

लिम्फोसाइट वाढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे विषाणूंचा संसर्ग. शरीर लढत आहे, म्हणून सैन्य वाढले. ताप गेल्यावर काही आठवड्यांत संख्या पूर्ववत होते. परंतु वाढ म्हणजे नेहमी बळ असे नाही. डांग्या खोकल्यात लिम्फोसाइट कमालीच्या वाढतात. कारण त्या जिवाणूचे विष या पेशींना रक्तातून लसिकाग्रंथींत जाऊ देत नाही. जिथे काम आहे तिथे त्या पोहोचत नाहीत आणि रक्तातच अडकून राहतात. आकडा मोठा, पण तो अडवणुकीचा.

वयस्कर माणसांमध्ये कधीकधी कोणतीही तक्रार नसताना लिम्फोसाइट वाढलेल्या आढळतात. बी जातीच्या एकसारख्या पेशी ५,००० च्या वर आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिल्या, तर ‘दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ या संथ कर्करोगाचा विचार करतात. या आजाराच्या अवस्था ठरविण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत मूळचे जोधपूरचे डॉ. कांती राय यांनी १९७५ साली मांडली. त्या पद्धतीतला बोध मोलाचा आहे. केवळ लिम्फोसाइट वाढलेल्या असणे ही त्यांनी सर्वांत सौम्य अवस्था मानली. लसिकाग्रंथी सुजणे, प्लीहा वाढणे, हिमोग्लोबिन घटणे, प्लेटलेट कमी होणे, या क्रमाने आजार पुढे गेल्याचे समजतात. म्हणजे हा आकडा एकटा नाही, तर शरीराच्या इतर खुणांसह वाचायचा. सुरुवातीच्या अवस्थेतील कित्येक रुग्णांना औषधही देत नाहीत, ठरावीक काळाने केवळ तपासतात. संख्या किती आहे यापेक्षा ती किती वेगाने दुप्पट होते आहे, याकडे डॉक्टर लक्ष देतात.

घट होण्याची कारणे आणखी वेगळी. स्टेरॉइडची औषधे, गंभीर संसर्ग, शस्त्रक्रियेचा ताण, कुपोषण, कर्करोगावरील उपचार, यांमुळे लिम्फोसाइट कमी होतात. गोवराचा विषाणू तर थेट या पेशींनाच ग्रासतो आणि पूर्वीच्या आजारांविरुद्ध शरीराने साठवलेली स्मृती पुसून टाकतो. गोवर बरा झाल्यावरही पुढे बराच काळ मूल इतर संसर्गांना बळी पडते ते यामुळेच. वयाच्या ९ महिन्यांनंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत दिली जाणारी गोवर-रुबेला लस म्हणजे या स्मृतीचेही रक्षण होय. कोविडच्या काळात गंभीर रुग्णांमध्ये लिम्फोसाइट घटतात हे आढळले आणि न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचे गुणोत्तर घरोघरी चर्चेत आले. तो एक उपयुक्त इशारा होता. परंतु त्या गुणोत्तरावरून कोण वाचणार आणि कोण नाही, असे भाकीत करणे गैर होते, आणि तेही पुष्कळांनी केले.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. शरीरातील सर्व लिम्फोसाइटपैकी साधारण २ टक्केच कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरात वावरतात. वसतिगृहाच्या अंगणात दिसणाऱ्या मुलांवरून पटावरची संख्या सांगण्यासारखे हे आहे. अंगणातली संख्या सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. घंटा झाली की आणखी वेगळी. लिम्फोसाइटचेही तसेच. सकाळी आणि सायंकाळी घेतलेल्या नमुन्यांत फरक पडतो, व्यायामानंतर पडतो, सर्दीतही पडतो.

सीडी४ : एका साथीने शिकवलेली मोजणी

लिम्फोसाइटच्या मोजणीला जीवनमरणाचे महत्त्व आले ते एड्सच्या साथीत. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांची माहिती छापून आली. निरोगी माणसाला सहसा न होणारा फुप्फुसाचा एक संसर्ग त्यांना झाला होता. लवकरच उलगडले, की अशा रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी पेशी जवळपास संपल्या आहेत. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एचआयव्हीचा शोध लागला. त्यासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतानिये यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मदतनीस पेशीच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे एक प्रथिन असते. विषाणू त्यालाच चिकटून पेशीत शिरतो, हे १९८४ मध्ये कळले. भारतात पहिला संसर्ग १९८६ साली चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी शोधला.

सूक्ष्मदर्शकात सारख्या दिसणाऱ्या पेशींतून नेमक्या सीडी४ पेशी कशा मोजतात? एकाच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत बनविण्याची युक्ती १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली होती. अशा प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडतात आणि ती रक्तात मिसळतात. मग पेशी एकामागून एक, रांगेत, लेझर किरणासमोरून जातात. ज्या पेशीवर सीडी४ असते ती चमकते, आणि यंत्र तिची नोंद घेते.

निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. एचआयव्हीची लागण झाल्यावर उपचार न घेतल्यास त्या सर्वसाधारणपणे वर्षाला ५० ते १०० ने घटत जातात. म्हणून पुष्कळांना आठ-दहा वर्षे काहीच जाणवत नाही. संख्या २०० च्या खाली गेली की संधिसाधू संसर्गांचे दार उघडते. २०० च्या खाली न्युमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया, १०० च्या खाली मेंदूच्या आवरणाला होणारा बुरशीचा संसर्ग, ५० च्या खाली दृष्टी हिरावणारा विषाणू, अशी ही उतरंड आहे. क्षयरोग मात्र कोणत्याही पायरीवर गाठू शकतो, आणि आपल्या देशात तोच सर्वांत आधी येतो.

साध्या सीबीसीवरून ही संख्या कळते का, असे आम्हाला विचारतात. पूर्वी जिथे सीडी४ मोजण्याची सोय नव्हती तिथे, लक्षणे असलेल्या रुग्णात एकूण लिम्फोसाइट १,२०० च्या खाली असल्यास उपचार सुरू करावेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. तो नाइलाजाचा उपाय होता आणि आता मागे पडला आहे. सीबीसी चांगला आला म्हणजे एचआयव्ही नाही, असे कधीही समजू नये. एचआयव्हीसाठी एचआयव्हीचीच चाचणी करावी लागते.

उपचाराची रेषा वर सरकत गेली

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी उपचार देण्यास प्रारंभ केला. आरंभी केवळ ८ सरकारी रुग्णालयांत ही सोय होती. संसर्गाचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र असल्याने तो पहिल्या टप्प्यातच होता. औषधे महाग, केंद्रे थोडी. त्यामुळे सीडी४ २०० च्या खाली गेल्यावरच उपचार, अशी त्या काळची रीत होती. रुग्ण केंद्रात यायचा, संख्या २६० निघायची आणि त्याला ‘आणखी थांबा’ असे सांगून परत पाठवले जायचे. माणसे स्वतःच्या पेशी कमी होण्याची वाट पाहत घरी जात असत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे अभ्यास होत गेले तसतशी ही रेषा वर सरकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ती ३५० वर नेली, २०१३ मध्ये ५०० वर. २०१५ साली ३५ देशांतील ४,६८५ जणांच्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला : सीडी४ ५०० हून अधिक असतानाच औषध सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार व मृत्यू हे, ३५० पर्यंत थांबलेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहूनही कमी होते. त्याच वर्षी रेषाच पुसली गेली. २०१७ पासून भारतातही, संसर्ग आढळला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करतात. आता बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते, आणि ती सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळते.

आता आमच्या मित्राविषयी. त्याच्या पत्नीच्या संमतीने आणि तो कोणत्या तुकडीतला हे न सांगता लिहीत आहोत. उपचार सुरू झाले तेव्हा त्याची सीडी४ संख्या ९० होती. तीन वर्षे त्याने नेमाने गोळ्या घेतल्या. वजन वाढले, तो पुन्हा कामावर जाऊ लागला आणि एके दिवशी रिपोर्टात ६४० हा आकडा आला. त्याला वाटले, आजार गेला. त्यातच गोळ्यांपायी दर महिन्याला खाडा पडत असे आणि मुकादम कारण विचारत असे. त्याने औषध बंद केले आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. दीड वर्षाने तो आमच्याकडे आला तो स्ट्रेचरवरून. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग झाला होता. अकराव्या दिवशी तो गेला.

त्याने केले तेच प्रत्यक्षात अभ्यासूनही पाहिले गेले होते. ५,४७२ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निम्म्या लोकांची औषधे सीडी४ ३५० च्या वर गेल्यावर थांबवली आणि २५० च्या खाली आल्यावर पुन्हा सुरू केली. थांबवलेल्या गटात आजार आणि मृत्यू दुपटीहून अधिक झाले, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माहिती जगात उपलब्ध होती. आमच्या मित्रापर्यंत ती पोहोचली नाही, आणि त्याचा वाटा आमच्याकडेही येतो. त्याच्या ६४० बद्दल आम्ही त्याचे अभिनंदन केले होते. ‘ही संख्या गोळीने धरून ठेवली आहे’ हे एक वाक्य सांगायचे राहिले होते.

विहिरीचे उदाहरण घ्यावे. सीडी४ म्हणजे विहिरीतील पाण्याची पातळी. विषाणू म्हणजे तळाशी पडलेली भेग. औषधाने भेग बुजते, म्हणून पाणी चढते. पाणी वर आले म्हणून बुजवण काढून टाकली, तर पातळी पुन्हा उतरणारच. भेग किती उघडी आहे हे सांगणारी चाचणी वेगळी आहे. तिला विषाणूभार चाचणी म्हणतात. आज औषध लागू पडते आहे की नाही, हे मुख्यतः तिच्यावरून ठरवतात. सीडी४चे काम संपलेले नाही. रुग्ण किती उशिरा आला आहे, त्याला संधिसाधू संसर्गांपासून बचावाचे औषध हवे का, हे अजूनही तीच सांगते.

विषाणूभार चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात लवकर उपचार घेतलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. गर्भवतीने उपचार घेतले, तर बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. उपचाराविना तो १५ ते ४५ टक्के असतो.

वसतिगृह आणि आपण सारे

लहान मुलांबाबत सीडी४ वाचण्याची रीतही वेगळी. अर्भकात ही संख्या मुळातच मोठी असते. प्रौढाला समाधानकारक वाटणारी ५०० ही संख्या एका वर्षाच्या आतील बाळासाठी अतिशय कमी ठरते. म्हणून पाच वर्षांखालील मुलांत प्रत्यक्ष संख्येऐवजी, एकूण लिम्फोसाइटपैकी सीडी४ किती टक्के आहेत, हे पाहण्याचा प्रघात पडला. मागे टक्केवारीवर एकट्याने विसंबू नका असे आम्ही म्हटले. येथे तीच टक्केवारी अधिक विश्वासाची ठरते. कोणते माप केव्हा वापरायचे, हे त्या प्रश्नावर अवलंबून असते.

आता निवासी शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या वसतिगृहात एचआयव्हीसह जगणारे मूल आहे की नाही, हे आम्ही सांगणार नाही आणि कोणीही विचारू नये. प्रत्येक शाळेत असे मूल असू शकते, असे समजूनच आपली वागणूक असावी. एकत्र जेवल्याने, एका नळाचे पाणी प्याल्याने, एक शौचालय वापरल्याने, खेळल्याने, डास चावल्याने हा संसर्ग होत नाही. कोणत्याही मुलाला जखम झाली तर हातमोजे घालून ती स्वच्छ करावी, मूल कोणतेही असो. हा नियम सर्वांना लावला, की कोणा एकाकडे बोट दाखवावे लागत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून शिक्षण नाकारता येत नाही. प्रवेशाची अट म्हणून चाचणी मागता येत नाही. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करता येत नाही. तरीही काही ठिकाणी ‘इतर पालक तक्रार करतील’ असे सांगून मुलांना परत पाठवल्याचे आम्ही ऐकतो. अशा पालकांत आपण नसावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

ज्या मुलाला रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यायची आहे, त्याला वसतिगृहात सर्वांत जास्त काय लागते? गोळी ठेवायला कुलपाची पेटी, ‘कसली गोळी’ असे न विचारणारे मित्र आणि तपासणीसाठी रजा मागताना कारणाचा पाढा न वाचायला लावणारे अधीक्षक. आमच्या मित्राला कामाच्या ठिकाणी यातील शेवटची गोष्ट मिळाली असती, तर कदाचित आज तोही या तपासणीच्या टेबलाशी बसला असता.

रिपोर्ट हाती आल्यावर

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. टक्केवारीवरून प्रत्यक्ष संख्या काढावी. छापलेली मर्यादा मुलाच्या वयाची आहे का, हे विचारावे. ताप किंवा सर्दीत काढलेला आकडा बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावा. एका रिपोर्टावरून निष्कर्ष काढू नये. जुने रिपोर्ट फेकू नयेत, कारण एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक सांगते. संख्येसोबत वजन घटणे, पंधरा दिवसांहून अधिक खोकला, रात्री घाम, न दुखणाऱ्या व वाढत जाणाऱ्या गाठी, फिकटपणा, अंगावर निळसर डाग यांपैकी काही असेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि सरबते घेऊन या पेशी वाढवण्याच्या मागे लागू नये. पुरेसा आहार, झोप, लसीकरण आणि वेळेवर उपचार यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. एचआयव्हीविषयी शंका असल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे नाव न सांगताही बोलता येते.

विनयपिटकातील एक प्रसंग आपण सर्वांनी शाळेच्या वंदनेनंतर कधी ना कधी ऐकला आहे. एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, आनंदासह त्याला धुतले, बिछान्यावर निजवले, आणि मग संघाला विचारले. घरदार सोडून आलेल्या भिक्षूंना येथे आईबाप नाहीत. त्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आईवडिलांपासून दूर, एका छताखाली वाढलेल्या आपल्याला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढील तपासणीस येताना पालकांनी जुने रिपोर्ट अवश्य आणावेत. आम्ही टेबलाशी असूच. आणि यापुढे आकडा वाचून झाल्यावर, तो कशामुळे टिकून आहे हे सांगितल्याशिवाय कोणालाही उठू देणार नाही.